बर्लिनमधले घर नागपुरात बसून निवडताना: भाग कसा पारखावा

मनीषनगरात किंवा बेसा रस्त्यावर फ्लॅट पाहायला निघालेल्या नागपूरकराला प्रश्न शिकवावे लागत नाहीत. टाइल्स आणि मॉड्युलर किचनकडे तो नजर टाकतो खरा, पण विचारतो ते वेगळेच: ले-आउटचे आर.एल. (मंजुरीचे पत्र) झाले आहे का, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, पावसाळ्यात नाला कुठवर चढतो आणि दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर येते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ले-आउटमधल्या घरांत पाणी शिरल्यापासून तर चांगल्यातल्या चांगल्या वस्तीतही जमिनीचा उतार कुठे आहे हे विचारून घ्यावे, एवढे शहाणपण आपल्याला आले आहे. हाच माणूस मुलीसाठी बर्लिनमध्ये भाड्याचे घर शोधू लागला की मात्र तीन छायाचित्रे, भागाचे ऐकीव नाव आणि भाड्याचा आकडा यांवर होकार देऊन मोकळा होतो, कारण तिथल्या नाल्याचे आणि टँकरचे नाव काय, हे त्याला माहीत नसते.

आम्ही दोघे चार वर्षे बर्लिनमध्ये राहून परतलो, आणि त्यानंतर नात्यातल्या व ओळखीच्या बऱ्याच मुलांची घरे आमच्या त्रिमूर्तीनगरच्या दिवाणखान्यात बसून शोधली गेली. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न एकच येतो: ‘तिकडे चांगला एरिया कोणता?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण भागाचा चांगुलपणा तिथे राहणाऱ्याच्या दिनक्रमावर ठरतो. आम्ही म्हणून प्रत्येकाला आधी एक कागद घ्यायला लावतो. त्यावर तीन रकाने आखावेत: जे रोज करायचे आहे, जे आठवड्यातून एकदा करायचे आहे आणि जे वर्षातून एक-दोनदाच होणार आहे. भागाचा प्रत्येक गुण किंवा दोष यांपैकी कोणत्या रकान्यात पडतो हे पाहिले की त्याचे खरे वजन समजते. घरापासून स्टेशन १२ मिनिटे अधिक लांब असेल, तर जाऊन-येऊन दिवसाला २४ मिनिटे आणि कामाच्या २२० दिवसांत ८८ तास जातात. ब्रांडेनबुर्ग दरवाजा घरापासून किती जवळ आहे याला मात्र पाहुणे आले तरच अर्थ असतो. खालील सगळे विवेचन या कागदाच्या आधारेच वाचावे. उदाहरणे बर्लिनची असली तरी लंडन, टोरांटो किंवा मेलबर्नसाठी नावे बदलून हेच प्रश्न विचारता येतील.

नावावर जाऊ नये

बर्लिन पसरट शहर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८९० चौरस किलोमीटर, म्हणजे नागपूर महापालिकेच्या हद्दीच्या जवळजवळ चौपट भरते. २००१ मध्ये जुन्या २३ प्रशासकीय जिल्ह्यांचे एकत्रीकरण होऊन १२ जिल्हे झाले, आणि नवख्या माणसाची पहिली फसगत इथेच होते. मिट्टे या नावाचा अर्थच ‘मध्य’ असल्यामुळे जाहिरातीत ‘मिट्टेमध्ये घर’ असे वाचले की आपल्या डोळ्यांसमोर बर्डीसारखा मध्यवर्ती चौक उभा राहतो. प्रत्यक्षात वेडिंग, गेसुंडब्रुनेन आणि मोआबिट हे एकेकाळचे कामगारांचे भागही आज मिट्टे जिल्ह्यातच मोडतात. पांको जिल्ह्यात प्रेन्झ्लाउअर बेर्गसारखा शहराच्या मध्याला चिकटलेला महागडा भागही येतो आणि पार शहराच्या उत्तर सीमेवरचे बुखही येते. या जुन्या कामगार भागांत वाईट असे काही नाही, आम्ही स्वतः त्यांतल्याच एकात राहिलो. सांगायचे एवढेच की जिल्ह्याच्या नावावरून घर कळत नाही.

म्हणून पाच अंकी पिनकोड, रस्ता आणि घरक्रमांक मिळाल्याशिवाय चर्चा पुढे नेऊ नये. १९२० मध्ये आजूबाजूची अनेक गावे आणि नगरे मिळून महाबर्लिन तयार झाले, तेव्हा प्रत्येक गाव आपापल्या रस्त्यांची नावे सोबत घेऊन आले. त्यामुळे ‘बर्लिनर श्ट्रासे’सारखे एकच नाव शहरात अनेक ठिकाणी आढळते आणि पिनकोड न पाहता नकाशावर शोध घेणारा भलत्याच टोकाला पोहोचतो. जुन्या रस्त्यांवर घरक्रमांकही एका बाजूने वाढत शेवटापर्यंत जातात आणि दुसऱ्या बाजूने वाढतच परत येतात, त्यामुळे १२ क्रमांकासमोर १३ च असेल असे धरून चालू नये. बर्लिनकर स्वतः जिल्ह्याच्या नावापेक्षा ‘कीट्स’ हा शब्द अधिक वापरतात. आपल्याकडच्या मोहल्ल्याला तो अगदी जवळचा आहे: चार-सहा रस्ते, एक चौक, ओळखीचा बेकरीवाला. पारखायचा असतो तो हा कीट्स, आणि नागपूरच्या महाल भागात जशी एका गल्लीची चाल दुसऱ्या गल्लीला लागू पडत नाही तसेच इथेही समजावे.

एक मंगळवार लिहून काढा

फेब्रुवारीतला एखादा सामान्य मंगळवार डोळ्यांसमोर आणून तो सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत लिहून काढावा. किती वाजता निघायचे, कुठे बदल करायचा, परतीच्या वाटेवर भाजी कुठे घ्यायची आणि शेवटचे चारशे मीटर कोणत्या रस्त्याने चालायचे. नकाशाच्या ॲपमध्ये ‘आत्ता निघा’ असे न टाकता मंगळवारी सकाळी नऊला पोहोचायची वेळ टाकावी, कारण नागपुरात रात्री दहाला शोध घेतला तर ॲप बर्लिनमधल्या संध्याकाळच्या गाड्या दाखवते.

प्रवासाचा हिशेब समजण्यासाठी तिथली रचना थोडी माहीत हवी. शहराच्या मध्यभागाभोवती रिंगबान नावाची सुमारे ३७ किलोमीटरची गोलाकार रेल्वे आहे आणि तिची एक फेरी तासाभरात पूर्ण होते. या वर्तुळाच्या आतला भाग तिकिटाच्या दृष्टीने ‘ए’ क्षेत्र, वर्तुळापासून शहराच्या सीमेपर्यंत ‘बी’ आणि त्यापलीकडचा, पोट्सडाम व विमानतळ धरून, ‘सी’. घर शोधणाऱ्यांची झुंबड ‘ए’ मध्ये उडते. मासिक पास असणाऱ्याला मात्र वर्तुळाच्या दोन स्टेशने बाहेर राहिल्याने फारसे काही गमवावे लागत नाही. २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंना सुरू झालेल्या आणि २०२५ मध्ये ५८ युरोंवर गेलेल्या डॉइचलांड-तिकिटावर तर तिन्ही क्षेत्रेच काय, देशभरातल्या स्थानिक गाड्याही चालतात. त्यामुळे क्षेत्राचे अक्षर पाहण्यापेक्षा गाडी थेट आहे की बदलावी लागते आणि एक मार्ग बंद पडला तर दुसरा आहे का, हे पाहावे. दोन वेगवेगळ्या मार्गांना चालत जाता येईल असे घर मला वर्तुळाच्या आतल्या पण एकाच बसवर अवलंबून असलेल्या घरापेक्षा केव्हाही बरे वाटते. भूमिगत रेल्वे शुक्रवारी व शनिवारी रात्रभर धावते. इतर दिवशी मध्यरात्रीनंतर काही तास तिची जागा रात्रीच्या बसगाड्या घेतात, आणि उशिरापर्यंत काम करणाऱ्याने त्या बसचा थांबा कुठे आहे हेही टिपून ठेवावे. ट्रामचे जाळे मुख्यतः जुन्या पूर्व बर्लिनमध्ये आहे, हा फाळणीचा मागे उरलेला ठसा.

कामाचे ठिकाण आधी, घर मागून, हा क्रम उलटू देऊ नये. शहराच्या पूर्वेला असलेल्या ग्र्युनहाइडे येथील टेस्लाच्या कारखान्यात नोकरी लागलेल्या अभियंत्याने मित्र राहतात म्हणून पश्चिमेच्या शार्लोटेनबुर्गमध्ये घर घेतले, तर रोज सगळे शहर ओलांडण्याची पाळी येते. त्याने ओस्टबानहोफजवळ, कोपेनिकमध्ये किंवा फ्रीडरिक्सहागेनच्या बाजूला, म्हणजे आर.ई. १ किंवा एस ३ या रेल्वेमार्गांच्या आसपास शोध घ्यावा. तांत्रिक विद्यापीठात शिकणाऱ्याला शार्लोटेनबुर्ग आणि मोआबिट सोयीचे पडते, फ्री विद्यापीठात शिकणाऱ्याला नैर्ऋत्येकडचा डालेम परिसर.

ऊन, ऊब आणि आवाज

या मुद्द्यावर नागपूरकराचे सगळे संस्कार उलटे पडतात, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. आपण आयुष्यभर उन्हापासून पळतो. पश्चिमेची भिंत तापते म्हणून तिकडे बेडरूम नको, नवतपात कुलर कोणत्या खिडकीत बसेल, असे आपले प्रश्न असतात. बर्लिन उत्तर अक्षांश ५२.५ वर आहे, नागपूर २१ वर. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे दिवस पावणेआठ तासांचाही नसतो, दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो आणि माध्यान्हीसुद्धा क्षितिजावर जेमतेम १४ अंश चढतो. त्याच दिवशी नागपुरात तो ४५ अंशांवर असतो आणि दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास. इतक्या खाली असलेला सूर्य समोरच्या पाच मजली इमारतीच्या वर येतच नाही. म्हणून तिथे दक्षिणेची किंवा पश्चिमेची खिडकी ही चैन नसून गरज आहे, आणि इथून वास्तुशास्त्राचा आग्रह धरून पूर्व-उत्तर दिशा मागणाऱ्या आजी-आजोबांना हे आधीच नीट समजावून सांगावे.

जुन्या भागांतील इमारतींची रचनाही समजून घ्यावी. रस्त्याला लागून पुढची इमारत, तिच्या मागे चौक, चौकाच्या कडेने बाजूची शाखा आणि शेवटी मागची इमारत, अशी ती वाड्यासारखी खोलवर जाते. १८५३ च्या बांधकाम नियमांनी या चौकाची किमान मोजमापे ५.३४ मीटर बाय ५.३४ मीटर एवढीच ठरवली होती, आणि ती ठरवताना चौकात अग्निशमनाचा बंब वळवता यावा एवढाच विचार होता. त्या काळातल्या अरुंद चौकांकडे तोंड करून असलेल्या मागच्या इमारतीतील तळमजला किंवा पहिला मजला हिवाळ्यात दिवसभर दिवे लावूनच वापरावा लागतो. आम्ही हे पैसे मोजून शिकलो. आमचे पहिले घर आम्ही जूनमधल्या संध्याकाळी साडेआठला पाहिले, तेव्हा चौकात लख्ख उजेड होता, चेस्टनटच्या झाडाखाली मुले खेळत होती, आणि मागच्या इमारतीतल्या पहिल्या मजल्याला आम्ही आनंदाने होकार दिला. नोव्हेंबरात त्या घरात सकाळी अकराला वर्तमानपत्र वाचता येईना. घर दाखवणाऱ्याने काही लपवले नव्हते. आम्हीच डिसेंबर विचारला नाही. त्यामुळे जाहिरातीत पुढची इमारत आहे की मागची, कितवा मजला आणि खिडक्यांची दिशा कोणती, या तीन गोष्टी नसतील तर त्या लेखी मागून घ्याव्यात. मागच्या इमारतीचा एक गुण मात्र मान्य करायला हवा: ती शांत असते, आणि चौथ्या-पाचव्या मजल्यावर तिथेही छान उजेड येतो. लिफ्ट नसली तर त्या मजल्यावर आई-वडील तीन महिन्यांसाठी येतील तेव्हा काय, हा प्रश्न उरतो. जुन्या घरांची छते उंच असल्याने तिथले चार मजले आपल्या पाच मजल्यांइतके भरतात. उलटपक्षी अगदी छताखालचा मजला जुलैतल्या उष्णतेच्या लाटेत तापतो, आणि एसी बहुतेक घरांत नसतो.

उबेचा खर्च भाड्याइतकाच महत्त्वाचा आहे. घराचे ऊर्जा-प्रमाणपत्र पाहण्याचा भाडेकरूला हक्क असतो; त्यावर ए-प्लसपासून एचपर्यंत श्रेणी असते आणि एच श्रेणीतले घर म्हणजे पत्र्याच्या शेडखाली कुलर चालवण्यासारखे आहे, कितीही पैसे ओता. तापवणी मध्यवर्ती वाहिनीवर आहे, गॅसवर आहे की विजेवर, हेही विचारावे. क्वचित एखाद्या जुन्या घरात अजून कोळशाची भट्टी असते. ती दिसायला मोहक, पण रोज तळघरातून कोळसा वर आणणे हे रोजच्या रकान्यातले काम आहे.

आवाजाबाबत आपल्याला एक उदाहरण पुरेसे आहे. मंगल कार्यालयाशेजारचे घर सोमवारी दुपारी पाहिले तर शांतच वाटते. तसेच फ्रीडरिक्सहाइनमधील सिमोन-डाख रस्ता किंवा नॉयक्योल्नमधील वेझर रस्ता सकाळी झोपलेले असतात आणि शुक्रवारी रात्री पदपथावर मद्यालयांची गर्दी असते. क्रॉयझबेर्गमध्ये यू १ आणि शोनहाउसर आले या रस्त्यावर यू २ ही ‘भूमिगत’ रेल्वे जमिनीवरच्या उंच पुलावरून, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांसमोरून धावते. दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर साधी मोटारही खडखडाट करते, आणि छायाचित्रात ती फरसबंदी किती सुंदर दिसते! शहर प्रशासनाचा रस्त्यानुसार आवाजाची पातळी दाखवणारा नकाशा सर्वांसाठी खुला आहे. घरक्रमांक टाकून तो पाहायला पाच मिनिटे लागतात. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळण्याचा नियम आहे आणि रविवारीही. रात्री मिक्सर लावून चटणी वाटणाऱ्या घरात शेजारी दार ठोठावतील, हे मुलांना सांगून ठेवलेले बरे. लहान मुलांच्या खेळण्याच्या आवाजाला मात्र कायद्याने सवलत आहे, त्यामुळे शाळेसमोरचे घर घेऊन नंतर तक्रार करता येत नाही.

जुनी माहिती आणि नवा नकाशा

इंटरनेटवरचे अभिप्राय वाचताना तारीख आधी पाहावी. टेगेल विमानतळ नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाला आणि त्याआधी काही दिवस, ३१ ऑक्टोबरला, आग्नेयेकडे नवा विमानतळ सुरू झाला. त्यामुळे राइनिकेनडोर्फ किंवा पांकोमध्ये विमानांमुळे झोप येत नाही, ही जुनी तक्रार आज लागू नाही, आणि बोन्सडोर्फच्या बाजूला आवाज आता पूर्वीपेक्षा वाढला आहे. ए-१०० या महामार्गाचा ट्रेप्टोपर्यंतचा नवा टप्पा ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला आणि तो जिथे संपतो तिथल्या रस्त्यांवर वाहनांची गर्दी वाढली. त्या परिसराची वर्णने त्याहून जुनी असतील तर ती बाजूला ठेवावीत. गूगलची रस्त्यावरची छायाचित्रे जर्मनीत २०१० नंतर कित्येक वर्षे नव्याने आलीच नव्हती, ती २०२३ पासून पुन्हा येऊ लागली. कोपऱ्यात छायाचित्राचा महिना-वर्ष दिलेला असतो. एखादी इमारत पूर्ण धूसर दिसली तर घाबरू नये, रहिवाशांनी तशी मागणी केलेली असते एवढेच.

भाडे भागाबद्दल काय सांगते

जाहिरातीत दोन आकडे असतात. ‘थंडे’ भाडे म्हणजे नुसत्या जागेचे आणि ‘उबदार’ भाडे म्हणजे तापवणी, पाणी, जिन्याची सफाई वगैरे धरून. तुलना नेहमी उबदार आकड्यांची करावी, त्यात वीज, इंटरनेट आणि प्रत्येक घराला द्यावे लागणारे नभोवाणी-दूरदर्शन शुल्क, दरमहा १८.३६ युरो, मिळवावे आणि एकूण रक्कम हाती येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या फार वर जाऊ देऊ नये. अनामत रक्कम कायद्याने थंड्या भाड्याच्या तिपटीपेक्षा अधिक घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याची मुभा असते.

भाग पारखण्यासाठी याहून उपयोगी साधन म्हणजे बर्लिनचा अधिकृत भाडेदर्शक तक्ता. त्यात शहरातील प्रत्येक पत्ता साधी, मध्यम किंवा चांगली वस्ती अशा तीन वर्गांत घातलेला आहे आणि इमारतीच्या काळानुसार प्रति चौरस मीटर भाड्याची मर्यादा दिलेली आहे. २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार नवे भाडे या तुलनात्मक भाड्यापेक्षा साधारणपणे दहा टक्क्यांहून अधिक असू नये. १ ऑक्टोबर २०१४ नंतर प्रथम वापरात आलेली घरे मात्र त्यातून वगळली आहेत. जाहिरातीतले भाडे त्या मर्यादेच्या दुप्पट असेल तर तुम्ही भागाचे पैसे देत नसून तुमच्या अडचणीचे देत आहात. याउलट चांगल्या वस्तीतले घर निम्म्या भाड्यात मिळत असेल, मालक ‘सध्या परदेशी’ असेल आणि पैसे पाठवल्यावर किल्ली टपालाने येणार असेल, तर ती सरळ फसवणूक आहे. स्वतः किंवा विश्वासातल्या माणसाने घर आतून पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नये.

सुरक्षिततेचा प्रश्न

आई-वडिलांच्या मनात हा प्रश्न सर्वांत वर असतो आणि नेमके त्याचेच उत्तर सर्वांत ढोबळपणे दिले जाते. नागपूरबद्दल बाहेरगावी जे मथळे छापून येतात ते वाचून कोणी इथे राहायलाच येणार नाही. आपल्याला मात्र कोणत्या चौकात रात्री अकरानंतर थांबू नये आणि कुठे बिनधास्त फिरावे हे अचूक ठाऊक असते. बर्लिनचेही तसेच आहे. तिथले पोलीस भागवार गुन्ह्यांचा नकाशा प्रसिद्ध करतात. तो जरूर पाहावा, पण त्यातले प्रमाण नोंदणीकृत रहिवाशांच्या संख्येवर काढलेले असते हे ध्यानात ठेवावे: जिथे राहणारे थोडे आणि रोज येणारे-जाणारे लाखो, अशा आलेक्झांडरप्लाट्सच्या परिसराचा आकडा त्यामुळे भयंकर फुगतो. पाकीटमारी, सायकलचोरी आणि घरफोडी हे प्रकार वेगवेगळे वाचावेत, कारण सायकलचोरी तळघरातल्या कुलूपबंद खोलीने टळते. गोर्लित्झर बागेचा परिसर, कोटबुसर टोर आणि हेर्मानप्लाट्स ही नावे वारंवार कानावर येतील. त्यांच्या आसपास हजारो कुटुंबे नेहमीसारखी राहतात हेही खरे, आणि तिथून रात्री एकट्याने चालत घरी जायचे असेल तर रस्ता नीट पाहून घ्यावा हेही खरे. वर्णद्वेषी प्रसंगांची जिल्हावार नोंद ‘बर्लिनर रजिस्टर’ हा उपक्रम ठेवतो. आपल्या मुलांना लागू पडणारी ही माहिती गुन्ह्यांच्या एकंदर आकड्यातून दिसत नाही, म्हणून ती वेगळी वाचावी.

माझ्या मते स्टेशनपासून दारापर्यंतचा शेवटचा टप्पा हाच सुरक्षिततेचा खरा मापदंड आहे. तो बागेतून जातो की दुकानांसमोरून, खालच्या मजल्यांवर दिवे लागलेली घरे आहेत की बंद गोदामे, रात्री नऊला तिथे लहान मुले घेऊन चालणारी माणसे दिसतात का, यावरून बरेच काही कळते.

दुकान, शाळा, देव

रविवारी दुकाने बंद असतात. हाउप्टबानहोफ, ओस्टबानहोफ अशा मोठ्या स्टेशनांवरची काही मोजकी सुपरमार्केटे तेवढी उघडी. म्हणून साधे किराणा दुकान चालत पाच-सात मिनिटांवर असणे हा रोजच्या रकान्यातला गुण आहे, भारतीय दुकान आठवड्याच्या रकान्यात जाते. कोथिंबीर, भेंडी, वांगी यांसाठी तुर्की भाजीवाला बहुधा पुरेसा असतो, आणि तो वेडिंग, नॉयक्योल्न व क्रॉयझबेर्गमध्ये जवळजवळ प्रत्येक चौकात सापडतो. मायबाख-उफर या कालव्याकाठी मंगळवारी व शुक्रवारी भरणारा बाजार आपल्या मंगळवारी बाजाराची आठवण करून देतो. हासेनहाइडेच्या कडेला गणपतीचे आणि ब्रित्समध्ये मुरुगनचे मंदिर आहे. दोन्ही नॉयक्योल्न जिल्ह्यात आहेत, पण चतुर्थीला जाण्यासाठी तिथेच घर घ्यायची गरज नाही.

मुले असतील तर चित्र बदलते. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते आणि पहिलीचा प्रवेश पत्त्यानुसार ठरलेल्या शाळेत दिला जातो, म्हणून घर निवडणे म्हणजे शाळा निवडणे. पाळणाघर-बालवाडीचे शुल्क २०१८ पासून माफ आहे, जेवणाचे दरमहा २३ युरो तेवढे भरावे लागतात. जागा मिळणे मात्र कठीण जाते आणि जिल्ह्याकडून मिळणारे प्रमाणपत्र आधी काढावे लागते. मोठी बाग कोणती, हेही या कुटुंबांनी पाहावे. जुन्या टेम्पेलहोफ विमानतळाचे मोकळे मैदान २०१० पासून लोकांसाठी खुले आहे आणि त्यावर बांधकाम होऊ द्यायचे नाही असा कौल बर्लिनकरांनी २०१४ मध्ये दिला. त्याच्या काठी राहणाऱ्यांना अंबाझरीच्या पाळीवर फिरायला जाण्याचे सुख घराशेजारीच मिळते.

प्रत्यक्ष पाहणी, दूरवरून

मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण बर्लिनच्या साडेतीन तास पुढे असतो, उरलेल्या काळात साडेचार. त्यामुळे तिथली रात्र पाहण्यासाठी इथे मध्यरात्रीनंतर जागावे लागते, पण एवढे जागरण करावेच. तिथे असलेल्या मित्राला विनंती करून व्हिडिओ कॉल स्टेशनच्या जिन्यापासून सुरू करायला सांगावा, घराच्या दारापासून नव्हे. चालताना त्याने बोलू नये. एक मिनिट चौकात उभे राहून नुसता आवाज ऐकवावा. मग दारावरच्या घंट्या दाखवाव्यात, कारण तिथे फ्लॅट क्रमांकाऐवजी आडनावे असतात आणि ती वाचून शेजार किती मिश्र आहे, किती नावे चिकटपट्टीवर घाईने लिहिलेली आहेत, म्हणजे लोक किती लवकर येतात-जातात, हे कळते. चौकातल्या कचऱ्याच्या पेट्या, जिन्यातली सूचनापत्रे आणि सायकलींची कुलुपे दाखवायला सांगावीत. घरात गेल्यावर स्वयंपाकघराला खिडकी आहे का हे पाहावे. फोडणीचा धूर शेजारच्या खोलीतल्या धूर-सूचकापर्यंत पोहोचला की काय होते, ते आमच्या सगळ्या इमारतीने एकदा अनुभवले आहे.

एवढे करूनही मन होत नसेल, तर पहिले दोन-तीन महिने ‘बी’ क्षेत्रातली सुसज्ज, तात्पुरती खोली घेऊन मुलाने स्वतः दोन-तीन कीट्समध्ये सकाळी, रात्री आणि रविवारी फिरून यावे हाच मार्ग मी सुचवतो. खर्च थोडा वाढतो, परंतु नेहमीच्या करारातून बाहेर पडायला तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते, तेव्हा चुकीच्या घराचा खर्च त्याहून मोठा असतो. तात्पुरत्या खोलीच्या बाबतीत एकच अट सोडू नये: त्या पत्त्यावर नोंदणी करता आली पाहिजे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नागरिक कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याचे लेखी प्रमाणपत्र लागते. ‘नोंदणी शक्य नाही’ असे लिहिलेले घर कितीही स्वस्त असले तरी करक्रमांक, बँक आणि निवास-परवाना या तिन्ही ठिकाणी अडते. नोंदणी शहरातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या कार्यालयात होते, त्यामुळे जवळच्या कार्यालयात वेळ मिळत नसेल तर लांबच्या कार्यालयात ती घ्यावी. किल्ली हाती आली की त्याच दिवशी पत्रपेटीवर आणि घंटीशेजारी आडनावाची चिठ्ठी लावावी. नाव नसलेल्या पेटीत टपालवाला पत्र टाकत नाही, आणि बँकेचे कार्ड व सरकारी पत्रे तिथे अजून टपालानेच येतात.